पुन्हा दारात हवा असलेला गाडा

आपल्या आंबेगाव तालुक्यात 'घाट' या एकाच शब्दाचे दोन अर्थ चालतात, आणि ते तालुक्याच्या दोन टोकांना नांदतात. पश्चिमेस आहुप्याला जाऊन कोणास घाट कोठे म्हणून विचारले, तर तो सह्याद्रीच्या कड्याकडे बोट करील. तेथून पायवाट खाली मुरबाड तालुक्यातल्या खोपिवलीस उतरते; समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगड यांचे सुळके उभे असतात. हाच प्रश्न पूर्वेस मंचरच्या बाजूला विचारला, तर माणूस गावाबाहेरच्या एका चढत्या मोकळ्या पट्टीकडे बोट करील. तो बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट. पहिल्या घाटाने माणूस कोकणात पोहोचतो. दुसऱ्या घाटाने तो कोठेच पोहोचत नाही. ज्या गावात उभा असतो त्याच गावात राहतो. तरीही या दुसऱ्या घाटापायी आपल्याकडे माणसांनी कर्जे काढली आहेत, सोयरिकीत बोलणी खाल्ली आहेत, आणि तो घाट कायद्याने बंद होता त्या वर्षांत पुष्कळ घरांत एक विचित्र सुतक पाळल्यासारखे वातावरण होते.

त्या सुतकाचा विचार आज करावयाचा आहे. एकदा आपल्या मालकीची असलेली आणि आपण आपल्याच हाताने विकून टाकलेली वेगाची वस्तू माणसाला पुन्हा का हवीशी वाटते? आणि ती 'पुन्हा मिळाली' असे तो म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय मिळालेले असते? युरोप-अमेरिकेत हा प्रश्न मोटारीच्या संदर्भात विचारला जातो. तरुणपणी विकलेली दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी उतारवयात पुन्हा शोधत हिंडणारे लोक तिकडे गावोगाव आहेत. आपल्याकडे अशी मोटार असणारी घरे मुंबई-पुण्यात मोजकी. जुन्नर-आंबेगावात ही ओढ मोटारीच्या वाट्याला न जाता बैलाच्या वाट्याला गेली. दोन्हींची सांगड घालणे कोणास थट्टेचे वाटेल. परंतु मोटारीकडे पाहिल्यावाचून बैलाचा प्रश्न नीट उलगडत नाही, असे माझे मत आहे.

स्पोर्ट्स गाडी म्हणजे जोरात पळणारी गाडी, अशी ढोबळ समजूत असते. ती अपुरी आहे. आगगाडीही जोरात पळते. स्पोर्ट्स गाडी म्हणजे जिच्यातून वेगाच्या आड येणारे सर्व काही काढून टाकले आहे अशी गाडी. मागची बैठक काढली, छप्पर कापडाचे केले, सामानाची जागा आवळली, आणि उरली ती दोन माणसे, एक यंत्र व चार चाके. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डन या गावी एम. जी. नावाच्या अशा गाड्या होत. त्यांची टी. सी. ही जात १९४५ ते १९४९ या काळात निघाली. तिचे यंत्र अवघे साडेबाराशे घनसेंटिमीटरचे होते. ताकद थोडी, पण ओझेही थोडे; म्हणून चालविणाऱ्याला वेग अंगावर आल्यासारखा वाटे. अशा गाडीचा संसाराला उपयोग नसतो. मूल झाले, आई-वडील सोबत राहावयास आले, की ती विकावी लागते. विकताना माणूस शहाणपणाने वागतो आणि पुढची तीस वर्षे त्या शहाणपणाचा पश्चात्ताप करतो.

आता आपला गाडा पाहा. शेतातली बैलगाडी खत वाहते, कांदा-बटाटा बाजारात नेते, माहेरवाशिणीला आणते. शर्यतीच्या गाड्यातून हे सर्व काढून टाकलेले असते. उरतो तो लाकडाचा हलका सांगाडा आणि दोन चाके. सातारा-सांगलीकडच्या शर्यतीत छकड्यावर हाकणारा बसतो. विदर्भात शंकरपटातही बसतो. आपल्या पुणे जिल्ह्याच्या तऱ्हेत गाड्यावर माणूसही नाही. चार बैल जुंपतात, पुढे घोडीवर स्वार असतो, आणि घोडीच्या मागे बैल चढावर सुटतात. सुटण्यापूर्वी गाडा धरून ठेवण्यास माणसांची फळी लागते. सुटल्यावर मात्र कोणाच्याच हातात काही राहत नाही. ध्वनिक्षेपकावरून 'भिर्रर्रऽ' अशी आरोळी उठते, घड्याळ लावलेला माणूस निशाणाकडे पाहतो, आणि दहा-पंधरा सेकंदांत बारी संपते. वर्षभर खुराक, वर्षभर निगा, आणि हिशेब लागतो तो सेकंदांच्या अंशात. वेगाखेरीज काहीही न करणारे वाहन असे ज्यास म्हणावे, ते एम. जी. पेक्षाही हा गाडाच अधिक आहे, एम. जी. त निदान मालकाला बसता तरी येते.

बैलांतही हाच भेद आहे. आहुप्याच्या बाजूला पावसाळा म्हणजे काय असते हे तेथे एक श्रावण काढल्याशिवाय समजत नाही. उतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरे, त्यांत गुडघाभर चिखल, आणि त्या चिखलणीला जुंपलेली जोडी. इथे बैलाने पळणे कोणाच्या उपयोगाचे? पाय रुतला तरी न गडबडणारे, पावसाच्या धारा अंगावर घेणारे जनावर हवे. सह्याद्रीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात, अकोले-इगतपुरीकडे, डांगी नावाची जात आहे; तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यावरून पाणी ओघळून जाते, आणि खूर काळे व टणक असतात. याच्या उलट खिल्लार. मूळची सोलापूर, सांगली, सातारा या कोरड्या मुलखाची. पांढरी, उभट, लांब मागे झुकलेल्या शिंगांची, चिवट पायांची आणि तापट डोक्याची. शर्यतीच्या घाटात पळतो तो मुख्यतः खिल्लार. एक जीप आहे आणि दुसरी स्पोर्ट्स गाडी, असे म्हटले तर मोटारवाल्यांना चटकन कळेल. आहुप्याजवळ उगम पावणारी घोड नदी डिंभ्याच्या धरणात, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागरात, विसावते आणि मग घोडेगावावरून पूर्वेच्या बागायतीकडे जाते. तिच्या काठाकाठाने खाली उतरत गेले तर पाऊस कमी होतो, जमीन सपाट होते, आणि बैलाचे काम बदलत बदलत शेवटी शौकावर येऊन ठेपते. आहुपेकराला आपली जोडी हवी असते ती ज्येष्ठ-आषाढात, खाचरासाठी. तिच्यावर त्याचा जीव कमी असतो असे मुळीच नाही. पण ती गेली तर तो दुसरी आणतो, कारण काम थांबत नाही. पूर्वेच्या गाडामालकाचे काम मात्र बैलावाचून अडत नाही. आणि नेमके म्हणूनच त्याचे दुःख भरून निघत नाही. गरजेची वस्तू दुसऱ्या वस्तूने बदलता येते. शौकाच्या वस्तूला बदली नसते.

येथवर मोटार आणि बैल बरोबरीने चालले. येथून पुढे मात्र त्यांचे रस्ते फुटतात.

मोटारीची शर्यत बंद पडल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण इटलीत आहे. ब्रेशिया या शहरातून निघून रोमपर्यंत जावयाचे आणि परत ब्रेशियास यावयाचे, अशी सुमारे सोळाशे किलोमीटरांची 'मिल्ले मिल्या' ही शर्यत १९२७ साली सुरू झाली. ती उघड्या सार्वजनिक रस्त्यांवरून धावे. १९५७ साली एका गाडीला अपघात झाला. तीतील दोघे आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक मरण पावले, त्यांत मुलेही होती. सरकारने ती शर्यत बंद केली, आणि ते योग्यच होते. वीस वर्षांनी, १९७७ साली, ती निराळ्या रूपाने परत आली. आता जो सर्वांत आधी पोहोचेल तो विजयी असे नाही. ठरलेल्या वेळेत ठरलेला टप्पा गाठावयाचा. आणि भाग कोणत्या गाड्यांनी घ्यावयाचा? १९५७ पर्यंतच्या शर्यतींत ज्या गाड्या किंवा ज्यांच्या नमुन्याच्या गाड्या धावल्या, त्याच गाड्यांनी. वीस वर्षे शर्यत नव्हती, तरी गाड्या होत्या! कोठारांत, गुरांच्या गोठ्यांत, ताडपत्रीखाली त्या उभ्या होत्या. गंज खरवडला, रबर बदलले, तेल घातले, आणि त्या निघाल्या.

लोखंडाचा हा गुण फार मोठा आहे. ते वाट पाहते. एम. जी. कारखान्याची 'बी' ही गाडी १९६२ ते १९८० पर्यंत निघाली, पाच लाखांहून अधिक निघाली. कारखाना बंद झाल्यानंतर १९८८ साली तिचा संपूर्ण पत्र्याचा सांगाडा नव्याने तयार करून विकण्याची सोय इंग्लंडात झाली. म्हणजे तुमच्या जुन्या गाडीचे सर्व अंग कुजले असले, तरी नवे अंग आणून त्यात जुने यंत्र बसविता येते. मग ती गाडी तीच का, असा प्रश्न तर्कशास्त्राचे प्राध्यापक विचारोत. मालकाला तो पडत नाही. आपल्या सरकारनेही २०२१ च्या जुलै महिन्यात जुन्या वाहनांसाठी निराळे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले वाहन असेल, तर त्याला खास नोंदणी मिळते. तिचे शुल्क वीस हजार रुपये, आणि दहा वर्षांनी नूतनीकरणाचे पाच हजार. अट अशी की ते रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरावयाचे नाही; प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशा कामापुरतेच रस्त्यावर आणावयाचे. काम न करणारे वाहनही राखण्याजोगे असते, हे कायद्याने मान्य केले, असा त्याचा अर्थ मी घेतो.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात बैलगाड्याला परवानगी मिळाली. ती का अडली होती, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांची यादी असते. तीत अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह हे होते. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने त्या यादीत बैलाचे नाव घातले. पुढची दोन-तीन वर्षे शर्यती कधी बंद, कधी अटींवर चालू, अशी गेली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती या दोहोंवर बंदी घातली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना स्थगिती दिली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू व कर्नाटक या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

आपल्या भागात या बंदीचा उल्लेख शिवी दिल्यासारखा करण्याची रीत आहे. ती मला मान्य नाही. २०१४ च्या निकालात न्यायालयाने जे म्हटले ते असे की, बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, आणि त्याला धावावयास लावण्यासाठी वेदना द्याव्या लागतात. शेपूट पिरगाळणे, चावणे, आरी टोचणे, दारू पाजणे, हे प्रकार घाटांत होत नव्हते असे छातीवर हात ठेवून किती गाडामालक सांगतील? जो खरा शौकीन, तो आपल्या बैलाला बोट लावू देत नसे, हे मला ठाऊक आहे. पण घाटात खऱ्या शौकिनांबरोबर दुसरेही असत, आणि कायदा दुसऱ्यांसाठी होतो. आज शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो, काठी-चाबूक व विजेचा धक्का वर्ज्य आहे, आणि नियम मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मिल्ले मिल्यासारखीच ही शर्यतही बदलून परत आली आहे. बदलली नसती तर ती परत यावयासच नको होती.

परंतु मला बोलावयाचे आहे ते मधल्या काळाविषयी. मे २०१४ ते डिसेंबर २०२१ म्हणजे सात वर्षे सात महिने. इतका काळ मोटारीला काहीच नाही. बैलाला तो किती, हे समजण्यासाठी त्याच्या तोंडात पाहावे लागते. खोंडाचे दुधाचे दात पडेपर्यंत तो आदत. साधारण अडीचाव्या वर्षाच्या आसपास पुढचे दोन कायमचे दात येतात, तेव्हा तो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती. आणि सुमारे पाचव्या वर्षी आठही दात आले की जुळला. जुळल्यापासून पुढची काही वर्षे त्याच्या ऐन भराची. दहा-बारा वर्षांचा झाला की त्याला उतार लागतो. आता हिशेब करा. २०१४ च्या यात्रांत चार दाती असलेला, लोकांनी ज्याच्या नावाने टोप्या उडविल्या असा बैल २०२१ च्या डिसेंबरात अकरा वर्षांच्या घरात आलेला होता. आणि बंदीच्या महिन्यात जन्मलेले वासरू परवानगीच्या दिवशी साडेसात वर्षांचा पूर्ण बैल झालेले होते. पळण्याचे सर्व वय त्याने दावणीला काढले. एका पिढीच्या बैलांचे संपूर्ण आयुष्य न्यायालयाच्या तारखांच्या मध्ये बरोबर बसले. मालक विजयी होऊन घरी आला, तेव्हा ज्याच्यासाठी विजय मिळवला ते जनावर म्हातारे झाले होते किंवा उरलेच नव्हते.

बहुतेक ठिकाणी उरलेच नव्हते, कारण त्याच काळात दुसऱ्या दोन गोष्टी घडल्या. शेतात ट्रॅक्टर आधीच आला होता. पूर्व आंबेगावात नांगरटीसाठी बैल बाळगणे मागेच मंदावले होते. आणि मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे नको. शेतकऱ्याच्या हिशेबात त्याचा परिणाम मात्र असा झाला की, निकामी बैलाला बाजारात पूर्वी जी काही किंमत येई तीही खाली आली. म्हणजे बैलाला शेत नाही, शर्यत नाही आणि शेवटची किंमतही नाही. फक्त रोजचा चारा आहे. देशाच्या पशुगणनेकडे पाहिले तर २०१२ ते २०१९ या काळात गायींची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली, पण एकूण गुरे एक टक्काही वाढली नाहीत. मधला फरक कोणाचा, हे सांगावयास नको. दावणीवरून नर नाहीसे झाले. या परिस्थितीत ज्याने बैल विकला त्याला मी नावे ठेवणार नाही. ज्याने सात वर्षे न पळणाऱ्या बैलाला पेंड चारली, त्याला मी काय म्हणावे हे मला सुचत नाही. अर्थशास्त्रात त्याच्यासाठी शब्द नाही.

आणखी एक नुकसान झाले, ते डोळ्यांना दिसत नाही. बैलाला पळावयास माणूस शिकवीत नाही, बैल शिकवतो. नवखे खोंड जाणत्या बैलाच्या शेजारी जुंपतात. आवाज, गर्दी, घोडी, सुटण्याचा क्षण, वर पोहोचल्यावर थांबणे हे सर्व ते शेजाऱ्याच्या अंगावरून उचलते. मानेवरच्या जुवातून एकाची चाल दुसऱ्यात उतरते. सात वर्षे घाट बंद राहिला म्हणजे केवळ सात वर्षांच्या बाऱ्या बुडाल्या असे नव्हे. शिकविणारे बैल शिकविण्याआधीच गेले. मोटारीच्या बाबतीत ही अडचण येत नाही. जुने यंत्र उघडले तर त्यातच त्याची रचना लिहिलेली असते, शिवाय कारखान्याचे पुस्तक असते. हुशार मिस्त्री ते वाचून शिकतो. बैलाचे पुस्तक म्हणजे दुसरा बैल. तो गेला की पाने गेली. २०२२ च्या पहिल्या हंगामात जे गाडे सुटले, त्यांतील पुष्कळ बैल हा घाट पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्यांना शिकविण्यास शेजारी कोणी नव्हते. माणसेच तेवढी अनुभवी होती!

या सर्वांचा विचार करता 'आमचा गाडा पुन्हा दारात आला' हे वाक्य फार जपून वापरले पाहिजे, असे मला वाटते. मोटारीच्या जगातही सर्व परत येणे सारखे नसते. पुण्याच्या बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली आली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबले, आणि पुढे ती बंद झाली. २०२० साली चेतक परत आली, पण विजेवर. किक नाही, पेट्रोलचा वास नाही, सुरू होत नाही म्हणून आडवी करून हलविण्याचा विधी नाही. जावा मोटारसायकलचे तसेच. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली थांबला आणि २०१८ मध्ये नाव पुन्हा बाजारात आले. ही नावे परत आली. वस्तू चांगल्या असतील, जुन्यापेक्षा चांगल्याही असतील. पण ज्याने वडिलांची चेतक भंगारात घातली, तो नवी चेतक पाहून खरेदी करतो आणि घरी येऊन जुनीच आठवतो.

बैलाच्या बाबतीत निदान वंशाचा आधार असतो. गाय दारात ठेवली असेल तर तिच्या पोटी पुन्हा खोंड येते. खांद्याची ठेवण तीच, कानामागचा ठिपका तोच. आणि म्हातारा मालक त्याला जुन्याच नावाने हाक मारतो. एकाच घरात एकामागून एक येणाऱ्या बैलांना तेच नाव मिळावे, हे मला फसवणुकीचे वाटत नाही. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. त्यात कोणी आजोबा परत आले असे समजत नाही, आणि कोणी ते पूर्णपणे गेले असेही समजत नाही.

मग माणसाला पुन्हा हवे असते ते नेमके काय? मोटारवाल्यांना विचारले तर ते वेगाविषयी बोलत नाहीत. आजची साधी घरगुती मोटार टी. सी. एम. जी. पेक्षा किती तरी जोरात जाते. वेग हवा असता तर ते तिच्यावर समाधानी असते. ते बोलतात ते कार्ब्युरेटरच्या आवाजाविषयी, थंडीच्या सकाळी चोक किती ओढावा याविषयी, कोणता बोल्ट नेहमी ढिला होई याविषयी. ती गाडी त्यांच्याशिवाय नीट चालत नसे. गाडामालकही बारीच्या सेकंदांविषयी फार बोलत नाही. तो बोलतो ते बैल कोणाच्या हातून खात नसे याविषयी, रात्री कोणाच्या खोकल्याने उठून उभा राही याविषयी. गाड्यावर कोणी बसत नाही, हाकीत नाही, तरी लोक 'अमक्याचा गाडा' म्हणतात, आणि यात्रेत ध्वनिक्षेपकावरून मालकाचे नाव बैलाच्या नावाला जोडून पुकारले जाते. थापलिंगच्या खंडोबाच्या यात्रेत पौष पौर्णिमेला एकदा ज्याचे नाव असे डोंगरावर घुमले, त्याला बैल विकल्यावर गावात कोणत्या नावाने हाक मारावी? विकणाऱ्याच्या हातून जनावर जाते, आणि त्याच्याबरोबर 'हे माझ्यावाचून चालत नाही' ही खात्री जाते. म्हातारपणी ही खात्री देणाऱ्या वस्तू आपसूकच कमी होत जातात. मुले स्वतंत्र होतात, शेताला ट्रॅक्टर लागतो, हिशेब मोबाईलवर होतो. तेव्हा विकलेला बैल आठवतो.

हे लक्षात घेतले म्हणजे आजच्या घाटातील एक गोष्ट मला खटकते. परवानगीनंतरच्या शर्यतींत बक्षिसे फुगली. मोटारसायकल, ट्रॅक्टर, चारचाकी, आणि एके ठिकाणी तर माती उकरण्याचे जे. सी. बी. यंत्र. बैलाने ट्रॅक्टर जिंकून दावणीवर आणावा, याहून मोठा विनोद आपल्या शेतीत झाला नसेल. पण विनोदापलीकडे यात धोका आहे. बक्षीस मोठे झाले की बैलाची किंमत बक्षिसाच्या मापाने ठरू लागते, तो लाखांत विकला जातो, हंगामात दोनदा हात बदलतो. मग त्याला दारचा म्हणणारे कोणी राहत नाही. युरोपात जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे असेच झाले. लिलावात किमती चढल्या, आणि पुष्कळ गाड्या थंड खोल्यांत झाकून ठेवलेल्या गुंतवणुकी झाल्या. त्यांवर हात फिरविणारा शौकीन बाहेर राहिला. आपल्या घाटात ती वेळ आली, तर बंदीने जे केले नाही ते बक्षिसे करतील.

एक नवी सोय मात्र झाली आहे. आता जनावरांच्या कानाला बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारतात, आणि जून २०२४ पासून महाराष्ट्रात त्यावाचून गुरांची खरेदी-विक्री करता येत नाही. मोटारीला नंबर असतो, म्हणून विकलेली गाडी तीस वर्षांनी शोधता येते; कोणत्या गावात, कोणाच्या नावावर आहे हे कागदावर सापडते. बैल एकदा बाजारात गेला की तो शिंगांचा रंग आणि दोर बदलून कोठल्या कोठे नाहीसा होई. आता निदान पिवळ्या बिल्ल्यावरून माग लागण्याची शक्यता आहे. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात किंवा चाकणला आपण गेलो, तर गिऱ्हाइकाकडे नीट पाहावे. नवा शौकीन आधी बिल्ल्याचा फोटो काढतो. जुना गाडामालक बैलाच्या समोर जाऊन काही न बोलता थोडा वेळ उभा राहतो, मग एका हाताने नाक वर उचलून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ओठ मागे सारतो आणि दात मोजतो. बिल्ला तो सर्वांत शेवटी पाहतो.